पॅमवर सुरक्षित रॅपर: रस्टमध्ये पहिलं लॉगिन मॉड्यूल लिहिताना

काहीही लिहायच्या आधी एक टर्मिनल उघडा, त्यात रूट व्हा आणि काम संपेपर्यंत ती खिडकी बंद करू नका. माझं पहिलं मॉड्यूल मी थेट सुडोच्या (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये जोडलं, त्याच्या नावात एक अक्षर चुकवलं आणि सेव्ह करून टर्मिनल बंद केलं. सक्तीचं मॉड्यूल सापडलं नाही तर पॅमचं, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेचं, उत्तर ‘नाही’ असतं, आणि ते बरोबरच आहे. पण चूक दुरुस्त करायला सुडो हवा आणि सुडो त्या चुकीमुळेच बंद! पेन ड्राइव्हवरून मशीन बूट करून ते एक अक्षर बदलण्यात माझी दुपार गेली. तेव्हापासून असली कामं मी व्हर्च्युअल मशीनमध्ये, स्नॅपशॉट घेऊनच करतो. तुम्हीही तसंच करा.

पॅम म्हणजे प्लगेबल ऑथेंटिकेशन मॉड्यूल्स. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये ही कल्पना मांडली. लॉगिन किंवा एसयू अशा प्रोग्रॅमने माणसाची ओळख कशी पटवायची हे स्वतः ठरवू नये. ते एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलं असावं आणि प्रत्यक्ष तपासणी वेगवेगळ्या मॉड्यूलांनी करावी. लिनक्सवर याचं लिनक्स-पॅम झालं, फ्रीबीएसडी आणि मॅकओएसवर ओपनपॅम आहे, ओपनबीएसडीने मात्र पॅम घेतलंच नाही. या लेखात आपण लिनक्स-पॅमसाठी रस्टमध्ये एक छोटं मॉड्यूल करू. पासवर्डनंतर ते मोबाइलवरचा सहा आकडी कोड विचारेल. कोड बरोबर आहे का हे तपासण्यासाठी तयार क्रेट (रस्टची पॅकेजं) मिळतात, त्यामुळे त्यात मी शिरणार नाही. आपला विषय आहे रस्ट आणि सी यांच्यामधली भिंत. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, हेडरमध्ये तीच रोमन लिपीत, अंडरस्कोरसकट सापडतील.

पॅमची लायब्ररी सीमध्ये आहे आणि तिचे बरेचसे नियम हेडरमध्ये दिसतच नाहीत, ते मॅन पेजमध्ये आहेत. हा पॉइंटर फ्री करू नका, तो मात्र तुम्हीच फ्री करा, हे मूल्य अमुक कॉलनंतर वापरू नका, अशी सगळी वाक्यं. कम्पायलर मॅन पेज वाचत नाही आणि रात्री अकरा वाजता आपणही वाचत नाही. रॅपरने, म्हणजे सीच्या लायब्ररीभोवती आपण लिहिलेल्या रस्टच्या आवरणाने, ती वाक्यं टाइपांमध्ये उतरवायची असतात. म्हणजे नियम मोडला की कोड कम्पाइलच होत नाही. नुसती सीची नावं रस्टमध्ये आणून प्रत्येक ठिकाणी अनसेफ (‘इथली सुरक्षितता मी सांभाळतो’ असं कम्पायलरला सांगणारा शब्द) लिहिलं, तर भाषा बदलली एवढंच, धोका तोच.

कच्चा थर

बाइंडजेन या साधनाने हेडरवरून बाइंडिंग (सीच्या फंक्शनांची रस्टमधली रूपं) तयार करा आणि ती वेगळ्या क्रेटमध्ये ठेवा. या थरात हुशारी करायची नाही, एक गोष्ट मात्र पाळायची. पॅमचे रिटर्न कोड साधे सी पूर्णांकच राहू द्या, त्यांचं रस्टचं एनम करू नका. एनममध्ये नसलेला आकडा सीकडून आला तर तिथेच अनिश्चित वर्तन सुरू होतं, आणि तिसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं मॉड्यूल काय परत करेल याची हमी कोण देणार? पूर्णांक घ्या आणि वरच्या थरात तपासून एनममध्ये बदला. ओळखीचा नसलेला प्रत्येक आकडा ‘नकार’ समजा.

हे आकडे हाताने टाइप करायचा मोह होतो. तो टाळा. लिनक्स-पॅममध्ये ७ म्हणजे पॅम_ऑथ_एरर, तर ओपनपॅममध्ये ७ म्हणजे परवानगी नाकारली आणि ऑथ_एरर आहे ९. यशाचा ० तेवढा दोन्हीकडे सारखा.

हँडल

प्रत्येक कॉलमध्ये पॅम तुम्हाला एक हँडल देतं. इथे दोन वेगवेगळे टाइप करा. तुम्ही ॲप्लिकेशन लिहीत असाल, म्हणजे पॅम_स्टार्ट तुम्ही बोलावता, तर हँडल तुमच्या मालकीचं असतं आणि ड्रॉपमध्ये (मूल्य नष्ट होताना रस्ट आपोआप चालवतं त्या फंक्शनमध्ये) पॅम_एंड बोलावणं तुमच्याकडे येतं. त्याला शेवटचा रिटर्न कोड द्यावा लागतो, म्हणून तो स्ट्रक्टमध्ये जपून ठेवा. मॉड्यूल लिहीत असाल तर हँडल उसनं असतं. ते कॉलपुरतंच वापरायचं, आणि त्यावर पॅम_एंड बोलावलं तर यजमान प्रोग्रॅमच्या पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं होईल. एकाच टाइपमध्ये ‘मालक आहे का’ असा बूलियन ठेवणारे रॅपर मी पाहिले आहेत. ते चालतात, पण तो बूलियन चुकला की दोनदा फ्री होतं.

दोन्ही टाइपांना क्लोन देऊ नका. आत कच्चा पॉइंटर असल्यामुळे रस्ट आपोआप सेंड आणि सिंक (थ्रेडांमध्ये हलवायची आणि वाटून घ्यायची परवानगी) नाकारतं, तसंच राहू द्या. एका हँडलवर एकाच थ्रेडने काम करायचं असं पॅमचं म्हणणं आहे. मॉड्यूलमधून स्वतःचा थ्रेडही सुरू करू नका. पॅम_एंड झालं की लायब्ररी मॉड्यूल मेमरीतून काढू शकते, आणि मग तुमचा थ्रेड नसलेल्या कोडवर धावत राहतो.

उसने पॉइंटर

आता खरी गंमत. पॅम_गेट_आयटमने वापरकर्त्याचं नाव मागितलं की पॉइंटर मिळतो. ती मेमरी पॅमची असते, तुम्ही ती फ्रीही करायची नाही आणि बदलायचीही नाही. इथवर सगळ्यांना आठवतं. पुढचं विसरतं. समजा तुम्ही नावाचा पॉइंटर घेतला, मग नावातली कॅपिटल अक्षरं लहान करून पॅम_सेट_आयटमने ते परत ठेवलं, आणि शेवटी लॉगमध्ये जुना पॉइंटर छापला. सेट_आयटम नव्या मजकुराची प्रत करतं आणि जुनी मेमरी सोडून देतं. म्हणजे लॉगमध्ये काय छापलं जाईल हे तुमच्या नशिबावर. सीमध्ये हा कोड चेतावणीशिवाय कम्पाइल होतो आणि बहुतेक वेळा ‘चालतो’ सुद्धा.

रस्टमध्ये वाचणारं फंक्शन साधा संदर्भ घेईल आणि तितक्याच लाइफटाइमचे (आयुष्याचे) बाइट देईल, लिहिणारं फंक्शन म्यूटेबल संदर्भ घेईल. एवढ्या दोन सिग्नेचरमध्ये मॅन पेजचा तो परिच्छेद संपला. जुनं नाव हातात धरून नवं ठेवायला गेलात की बॉरो चेकर (उसने संदर्भ तपासणारा कम्पायलरचा भाग) अडवतो. रॅपर लिहिण्यातला मला सर्वांत आवडणारा क्षण हाच.

पॅम_गेट_यूजरच्या नावात ‘गेट’ आहे म्हणून फसू नका. नाव ठरलेलं नसेल तर ते वापरकर्त्याला विचारतं आणि मिळालेलं उत्तर हँडलमध्ये ठेवतं. म्हणून तेही म्यूटेबल. मग नावाचा संदर्भ हातात असताना पुढचा प्रश्न विचारता येत नाही, अशी नव्या माणसाची तक्रार येते. त्यावर उपाय साधा आहे. नावाची प्रत करून घ्या, त्याचं काही बिघडत नाही. पासवर्डची मात्र प्रत करू नका. तो उसनाच वापरा आणि सोडा.

नाव आणि पासवर्ड दोन्ही बाइट म्हणून हाताळा, रस्टची स्ट्रिंग म्हणून नव्हे. सीकडून आलेला मजकूर यूटीएफ-८ असेलच असं नाही. तो बळेच स्ट्रिंगमध्ये बसवायला काही जण ‘लॉसी’ रूपांतर वापरतात. त्यात न समजलेल्या बाइटच्या जागी एकच ठरावीक चिन्ह बसतं, म्हणजे दोन वेगळे पासवर्ड एकसारखे होऊ शकतात. लॉगिनच्या कोडमध्ये हे भोक आहे, सोय नव्हे.

मराठीत पासवर्ड ठेवणाऱ्यांची इथे वेगळीच मजा होते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एकच युनिकोड चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे, त्यामुळे हॅशही वेगळा. ‘मग रॅपरमध्येच नॉर्मलाइज करून (दोन्ही रूपं एकसारखी करून) टाकू’ असं वाटेल, पण करू नका. पासवर्ड ठेवताना दुसऱ्याच प्रोग्रॅमने नॉर्मलाइज केलं नसेल तर बरोबर पासवर्डही नाकारला जाईल. आलेले बाइट जसेच्या तसे पुढे द्या. शिवाय पॅमच्या हेडरमध्ये एका उत्तराची मर्यादा ५१२ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. म्हणजे काना, मात्रा, हलंत सगळं मोजून साधारण १७० चिन्हं.

संवाद

मॉड्यूलने स्वतः पडद्यावर काही लिहायचं नसतं. समोर टर्मिनल आहे, एसएसएच आहे की ग्राफिकल लॉगिन, हे त्याला माहीत नसतं. त्याऐवजी ॲप्लिकेशनने दिलेलं एक कॉलबॅक फंक्शन बोलवायचं. त्याला प्रश्न द्यायचे, ते उत्तरं देतं. मेमरीचे बहुतेक अपघात इथेच होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

प्रश्नाचा मजकूर सी-स्ट्रिंग म्हणून द्यावा लागतो. सी-स्ट्रिंग तयार करून त्याच ओळीत तिचा पॉइंटर काढला, तर ओळ संपताच स्ट्रिंग नष्ट होते आणि पॉइंटर लोंबकळत राहतो. स्ट्रिंग आधी स्वतंत्र व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि कॉल होईपर्यंत जिवंत राहू द्या. प्रश्न कायमचाच असेल तर रस्ट १.७७ पासून आलेली सी-स्ट्रिंगची लिटरल वापरा, म्हणजे हा प्रश्नच मिटतो. (प्रश्न मराठीत ठेवायची इच्छा होईल. पण लिनक्सचा साधा टेक्स्ट कन्सोल जोडाक्षरं धड दाखवत नाही, तिथे चौकोनच दिसतील.)

एका वेळी एकच प्रश्न पाठवा. अनेक प्रश्न एकत्र पाठवताना लिनक्स-पॅम पॉइंटरांचा ॲरे धरतं आणि सोलारिस स्ट्रक्टांचा. एकच प्रश्न असेल तर दोन्ही अर्थ एकच होतात आणि तो वाद तुमच्यापर्यंत येत नाही.

उत्तरासाठीचा पॉइंटर आधी नल करून द्या. कॉल परतल्यावर क्रमाने तपासा. रिटर्न कोड यशाचा नसेल तर उत्तराच्या पॉइंटरला हातही लावू नका. अपयशात साफसफाई करणं समोरच्याचं काम आहे. यशाचा असेल तरी पॉइंटर नल असू शकतो, तेव्हा संवादाची चूक परत करा. पॉइंटर असला तरी आतला मजकूर नल असू शकतो, तेव्हाही नकार. ‘काहीच उत्तर नाही’ आणि ‘रिकामं उत्तर’ यांना सारखं समजू नका.

यशाने आलेल्या उत्तराची मालकी आता तुमची. यासाठी ‘उत्तर’ नावाचा छोटा टाइप करा आणि त्याच्या ड्रॉपमध्ये तीन कामं ठेवा: आधी मजकुरावर शून्यं लिहा, मग मजकूर फ्री करा, मग त्याला धरून असलेला ॲरे फ्री करा. शून्यं साध्या लूपने लिहिलीत तर ‘ही मेमरी पुढे कुणी वाचतच नाही’ म्हणून कम्पायलर तो लूपच काढून टाकू शकतो. त्यासाठी झीरोआइझ क्रेट किंवा लिबसीचं एक्स्प्लिसिट_बीझीरो वापरा. आणि फ्री म्हणजे लिबसीचंच फ्री, रस्टचा बॉक्स नव्हे.

उलट बाजूने, ॲप्लिकेशनचा रॅपर लिहून कॉलबॅक तुम्ही देत असाल, तर उत्तरं लिबसीच्या कॅलॉकनेच तयार करा, कारण समोरचं सी मॉड्यूल ती फ्रीने सोडणार आहे. रस्टच्या स्ट्रिंगचा पॉइंटर दिलात तर लिनक्सवर तो बरेच दिवस निमूटपणे चालतो, कारण रस्टचा नेहमीचा ॲलोकेटर आतून मॅलॉकच वापरतो. मग कुणीतरी प्रोजेक्टला दुसरा ॲलोकेटर लावतं आणि लॉगिन कोसळू लागतं. असला दोष शोधायला बसलात की पॅम सोडून सगळ्यांवर संशय जातो.

दरवाजे

पॅम तुमच्या मॉड्यूलमध्ये सहा फंक्शनं शोधू शकतं. ऑथ प्रकारासाठी त्यांतली दोन लागतात: ऑथेंटिकेट आणि सेटक्रेड. दुसरं रिकामं असलं तरी द्या, नाहीतर ओळख पटूनही पुढच्या टप्प्यात एरर येते. रस्टच्या २०२४ एडिशनमध्ये नो_मँगल (फंक्शनचं नाव जसंच्या तसं ठेवणारी खूण) अनसेफमध्ये लिहावं लागतं आणि क्रेटचा प्रकार सीडायलिब (सीला वापरता येणारी शेअर्ड लायब्ररी) ठेवायचा असतो.

दरवाजावर पॅनिक (चालू काम तिथेच तोडणारी रस्टमधली चूक) अडवा. सीच्या फंक्शनमधून पॅनिक बाहेर पडू लागलं तर रस्ट १.८१ पासून सगळी प्रोसेस अबॉर्ट होते, आणि ती प्रोसेस तुमची नसते. एक्स११ वरच्या जुन्या स्क्रीन लॉकरमध्ये हे झालं तर लॉकर मरतो आणि पडदा उघडा पडतो! म्हणजे कोड चुकीचा टाकणाऱ्याला बक्षीस. पॅनिक पकडणाऱ्या कॅच_अनवाइंडमध्ये सगळं गुंडाळा आणि पॅनिक झालं तर नकार परत करा. कार्गोच्या प्रोफाइलमध्ये पॅनिक ‘अबॉर्ट’ ठेवलेलं असेल तर कॅच_अनवाइंड शोभेचं उरतं, तेही पाहून घ्या.

कॉन्फिगमधले पर्याय आर्ग्युमेंट म्हणून येतात. पर्याय नसतील तर मोजणी शून्य असते आणि पॉइंटर नल असू शकतो. रस्टचं फ्रॉम_रॉ_पार्ट्स शून्य लांबीलाही नल चालवून घेत नाही, म्हणून आधी मोजणी तपासा.

आतल्या फंक्शनचा रिझल्ट पॅमच्या आकड्यात बदलणारं एकच ठिकाण असू द्या. यश फक्त एका वाटेने यावं. गुप्त किल्लीची फाइल सापडली नाही, घड्याळ वाचता आलं नाही, वापरकर्ताच अस्तित्वात नाही, या सगळ्या वाटा नकाराकडे जातात. ‘फाइल नाही म्हणजे पॅम_इग्नोर’ (या मॉड्यूलचं मत मोजू नका) हा पर्याय सोयीचा वाटतो, पण तो कॉन्फिगमध्ये मुद्दाम मागितल्याशिवाय देऊ नका. कोपऱ्यातल्या वाटा किती महाग पडतात याचं उदाहरण लिनक्स-पॅममध्येच आहे. १.५.१ च्या आधी त्यात असा दोष होता की नसलेल्या वापरकर्त्यासाठी रूटशी तुलना होई, आणि रूटचा पासवर्ड रिकामा असेल तर प्रवेश मिळे.

लॉग

पॅम_सिसलॉग प्रिंटएफसारखं आहे. वापरकर्त्याने दिलेला मजकूर त्याला थेट फॉरमॅट म्हणून दिलात आणि कुणी नावात टक्केचिन्ह टाकलं, तर तुम्ही त्याला मेमरी वाचायची, कधीकधी लिहायचीही, मुभा दिलीत. इथे रस्टसुद्धा वाचवत नाही. रॅपरमध्ये फॉरमॅट कायमचा ठेवा: टक्के-एस. बाहेरून फक्त मजकूर घ्या. चुकलेलं वापरकर्तानाव लॉगमध्ये लिहितानाही सांभाळा, घाईत लोक नावाच्या रकान्यात पासवर्ड टाइप करतात.

चाचणी

एट्क फोल्डरातल्या पॅम.डीमध्ये स्वतःच्या नावाची वेगळी सर्व्हिस फाइल करा, त्यात फक्त तुमचं मॉड्यूल जोडा आणि पॅमटेस्टर या छोट्या प्रोग्रॅमने ते चालवा. खऱ्या लॉगिनला धक्का लागत नाही. रूटशिवाय, आपोआप चालणाऱ्या चाचण्या हव्या असतील तर पॅम_रॅपर नावाचं साधन आहे. ते खोटं पॅम.डी फोल्डर दाखवतं. मिरी (रस्टमधले मेमरीचे दोष शोधणारं साधन) सीच्या लायब्ररीत शिरू शकत नाही, म्हणून मेमरीसाठी व्हॅलग्राइंड किंवा ॲड्रेस सॅनिटायझर लावा. चुकीचा कोड, रिकामा कोड, मध्येच कंट्रोल-डी, पाचशे बाइटचा कोड आणि यूटीएफ-८ नसलेलं नाव, हे पाच प्रकार तरी चालवून पाहा.

जोडणी

एसएसएचला जोडताना दोन गोष्टींनी मला गोंधळात टाकलं होतं. ओपनएसएसएच साध्या पासवर्ड पद्धतीत असताना प्रत्येक लपवलेल्या प्रश्नाला तोच पासवर्ड उत्तर म्हणून देतं. तुमच्या मॉड्यूलला कोडच्या जागी पासवर्ड मिळतो आणि तुम्ही तासभर कोड तपासणीत दोष शोधत बसता. कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह पद्धत चालू करा, म्हणजे प्रश्न खरोखर माणसापर्यंत पोहोचतो. दुसरी गोष्ट, पब्लिक कीने आलेल्यासाठी पॅमचा ऑथ भाग चालतच नाही, फक्त अकाउंट आणि सेशन चालतात. दोन्ही हवे असतील तर एसएसएचडीच्या ऑथेंटिकेशन मेथड्समध्ये की आणि कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह स्वल्पविरामाने जोडून लिहा. आणि एखाद्या दिवशी पासवर्डच्या जागी बॅकस्पेस, नवी ओळ आणि पुढे कॅपिटलमध्ये ‘इनकरेक्ट’ असं काही आलेलं दिसलं तर घाबरू नका. परवानगी नसलेल्या वापरकर्त्यासाठी ओपनएसएसएच मुद्दाम असा बनावट पासवर्ड पुढे पाठवतं.

कॉन्फिगमध्ये मॉड्यूल रिक्वायर्ड (सक्तीचं) म्हणून, पासवर्डच्या ओळीखाली लिहा. वरची ओळ सफिशंट (एवढं पुरे) असेल तर पासवर्ड जुळताच पॅम तिथेच थांबतं आणि तुमच्यापर्यंत येतच नाही, म्हणून आधी ती बघा. फाइल सेव्ह करा, दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहा. एकदा बरोबर कोडने, एकदा मुद्दाम चुकीच्या. चुकीच्या कोडनेही आत गेलात तर सुरुवातीला उघडून ठेवलेल्या रूटच्या खिडकीत जाऊन ती ओळ काढा. दोन्ही उत्तरं हवी तशी आली, की मगच ती खिडकी बंद करा.